खगोलचित्रांची साक्ष: गैरसमज आणि वस्तुस्थिती

चाळीसगावनजीकच्या पाटण येथे शके ११२८ मध्ये, म्हणजे इ. स. १२०७ साली, कोरविलेल्या शिलालेखावरून असे दिसते की, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणीप्रभृती ग्रंथांच्या अध्ययनार्थ मठ स्थापिला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने त्यास उत्पन्न नेमून दिले. आकाशाची विद्या ज्या खानदेशात इतक्या आस्थेने जतन झाली, तेथील विद्यार्थ्यांच्या हाती आज महादुर्बिणींनी टिपलेली विश्वाची रंगीत चित्रे सहज येतात. परंतु पाहणारा बहुधा एक तर त्यांना साधा फोटो समजतो, नाही तर चित्रकाराची करामत म्हणून निकालात काढतो. वस्तुतः असे चित्र हा एक दस्तऐवज आहे, आणि तो कोणत्या शिरस्त्याने सिद्ध झाला हे ध्यानी घेतल्यावाचून त्यातील मजकुराचा उलगडा होत नाही.

गैरसमज १: रंग मागाहून भरतात, म्हणून चित्रे बनावट होत.

वस्तुस्थिती: रंग मागाहून दिले जातात हे खरे, पण मनास येईल तसे नव्हे. हबल दुर्बिणीने १९९५ साली टिपलेले गरुड तेजोमेघातील स्तंभांचे सुप्रसिद्ध चित्र म्हणजे निरनिराळ्या फिल्टरांतून घेतलेल्या कृष्णधवल प्रतिमांचा मेळ आहे. त्यात गंधकाच्या प्रकाशास तांबडा, हायड्रोजनच्या प्रकाशास हिरवा आणि ऑक्सिजनच्या प्रकाशास निळा रंग नेमून दिला आहे. हायड्रोजनचा तो प्रकाश, ज्याची तरंगलांबी ६५६ नॅनोमीटर, वास्तविक तांबडाच; परंतु गंधकाचाही तांबडाच असल्यामुळे दोहोंस नैसर्गिक रंग ठेविला असता, तर कोणते मूलद्रव्य कोठे पसरले आहे हा तपशीलच पुसला गेला असता.

गैरसमज २: जवळ गेल्यास डोळ्यांनाही असेच दिसेल.

वस्तुस्थिती: कार्तिकातील निरभ्र, चांदण्याविरहित रात्री सातपुड्याच्या पायथ्याशी, वस्तीच्या दिव्यांपासून दूर उभे राहिले असता देवयानी दीर्घिका माथ्यापासून थोडी उत्तरेस, करड्या धूसर डागासारखी दिसते. अतिमंद उजेडात डोळ्यांतील रंग ओळखणाऱ्या पेशी काम करीत नाहीत, म्हणून तो डाग करडा; आणि जवळ गेल्याने दीर्घिकेचा आकार वाढला, तरी तिच्या पृष्ठभागाची तेजस्विता वाढत नसल्यामुळे ती आकाश व्यापील, पण फिकीच राहील. दुर्बिणीचे सामर्थ्य तिच्या विशाल आरशात आणि तासन्‌तास प्रकाश साठविण्यात आहे.

गैरसमज ३: चित्रातील स्थिती ही आजची स्थिती होय.

वस्तुस्थिती: देवयानीचा जो प्रकाश आज आपल्यापर्यंत पोहोचतो, तो सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. त्याहून कितीतरी दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश विश्वाच्या प्रसरणामुळे ताणला जाऊन अवरक्त होतो. म्हणूनच २५ डिसेंबर २०२१ रोजी अवकाशात गेलेली जेम्स वेब दुर्बीण अवरक्त प्रकाशासाठी घडविली गेली. तिच्या चित्रांत ताऱ्यांना दिसणारे टोकदार किरण मात्र ताऱ्यांचे नव्हेत. ते तिच्या षट्‌कोनी आरशांमुळे व आधारदांड्यांमुळे उमटतात.

गैरसमज ४: दृश्य प्रकाश नसेल, तर चित्र संभवतच नाही.

वस्तुस्थिती: जुन्नर तालुक्यातील खोडद परिसरात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना रेडिओलहरी टिपतात, आणि त्यांचा गणिती मेळ घातल्यावर आकाशाचे चित्र साकारते. १० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झालेले कृष्णविवराच्या छायेचे चित्रही रेडिओलहरींचेच असून त्याचा नारिंगी रंग संशोधकांनी निवडलेला आहे.

गैरसमज ५: चित्र पाहिले, म्हणजे सारे कळले.

वस्तुस्थिती: पुण्यातील आयुका व आयसर येथील संशोधकांनी २०१७ साली ‘सरस्वती’ हा दीर्घिकांचा महासमूह जाहीर केला, तो सुमारे ४ अब्ज प्रकाशवर्षे दूर असून त्याचा विस्तार ६० कोटी प्रकाशवर्षांचा आहे. ही अंतरे चित्रावरून नव्हे, तर दीर्घिकांच्या वर्णपटांतील रेषा किती सरकल्या यावरून ठरतात. चित्र केवळ दिशा दाखविते, खोली वर्णपट सांगतो.

म्हणून जळगाव-धुळ्याच्या शिक्षकांनी असे चित्र वर्गात लावताना दुर्बीण कोणती, तरंगलांबी कोणती आणि कोणत्या रंगाने काय दर्शविले आहे, या तीन बाबी त्याखाली अवश्य लिहाव्यात; कारण त्या ठाऊक असलेला विद्यार्थी सौंदर्याने मोहित होऊन थांबणार नाही, तर त्या सौंदर्याचे कारण विचारील, आणि विज्ञानाचा आरंभ तेथूनच होतो.