नौकेचे शब्द आणि घरचा नांगर

'नांगर' हा शब्द कानी पडताच पलूसच्या मनुष्याच्या डोळ्यांपुढे काय उभे राहील, हे सांगावयास ज्योतिषी नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावी लोखंडी नांगर तयार केला आणि १९१० साली कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर आपला कारखाना वसविला. ती किर्लोस्करवाडी आमच्या पलूसच्या शेजारचीच. साहजिकच आमचा नांगर काळ्या मातीतला.

गेल्या सुट्टीत आमच्या धाकट्या पुतण्याने नॉर्वे देशातील होड्यांविषयीचा एक इंग्रजी लेख मराठीत उतरविण्यास घेतला. 'नावाड्याने नांगर टाकला' हे वाक्य त्याने वाचून दाखविताच आजींनी विचारले, "अरे, पाण्यात नांगरट कसली?" सर्वांस हसू आले. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. कोकणातील खलाशी ज्यास नांगर म्हणतो, त्याचे नाते फारसी 'लंगर' या शब्दाशी दिसते; शेतातल्या नांगराचे मूळ संस्कृत 'लांगल'. शब्द एकच, कामे दोन. अनुवादकाने कोश पाहिला, पण वाचक कोण हे पाहिले नाही.

नॉर्वेचे शब्द इंग्रजीत नेणारांसही हाच अनुभव येतो. तेथे 'फेरिंग' नावाची एक लहान होडी असते. नावाचा अर्थ चार वल्ह्यांची, म्हणजे वल्ह्यांच्या दोन जोड्यांची. इंग्रजीत नुसते 'लहान होडी' असे लिहिले, तर होडीचे माप, माणसे आणि चाल ही तिन्ही हरवतात. जुन्या उत्तरी नौकांचे सुकाणू उजव्या कुशीस बांधलेले असे. म्हणून ती बाजू नॉर्वेत 'स्टीरबोर्ड' व इंग्रजीत 'स्टारबोर्ड' झाली. डाव्या बाजूस इंग्रज पूर्वी 'लारबोर्ड' म्हणत. वादळाच्या गर्जनेत हे दोन शब्द सारखेच ऐकू येत. अखेर १८४४ साली ब्रिटिश आरमाराने 'लारबोर्ड' काढून 'पोर्ट' हा शब्द ठरविला. नौकेवर शब्द म्हणजे आज्ञा होय. ती चुकीची ऐकिली तर जहाज खडकावर जावयाचे.

आपल्या किनाऱ्यावरील खलाशांनी ही अडचण आपल्या परीने सोडविली होती. नानाप्रांतीच्या लष्करांची, म्हणजे जहाजी खलाशांची, एक मिश्र बोली असे. तीत उजवी बाजू 'जमना' आणि डावी 'दावा'. पहिला शब्द गुजराती 'जमणा'चा सोयरा, दुसरा आपल्या 'डाव्या'चा. गोऱ्या अधिकाऱ्यांस ही बोली कळावी म्हणून टॉमस रोबक याने १८११ साली कलकत्त्यास इंग्रजी-हिंदुस्थानी नाविक कोश छापविला. त्या काळी शिकलेल्या साहेबासही खलाशाच्या तोंडचा शब्द शिकणे भाग पडले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

हे सारे समुद्राचे झाले. आमच्या कृष्णाकाठचे काय? 'सांगड घालणे' आपण रोज बोलतो. परंतु सांगड म्हणजे एकत्र बांधलेल्या होड्यांचा अथवा भोपळ्यांचा तराफा, हे किती मुलांस ठाऊक आहे? गुऱ्हाळातील काहील पुराच्या वेळी नाव होते, हे ज्यास माहीत नाही तो तिचे भाषांतर 'गूळ करावयाची कढई' असेच करील. कोशाप्रमाणे ते बरोबर, आणि बुडत्या मनुष्यास मात्र निरुपयोगी!

८ ऑगस्ट २०१९ रोजी आमच्याच तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे महापुरात नाव उलटून कित्येकांचे प्राण गेले. त्या दुःखास शब्दांचा खेळ लावण्याचे पाप आम्ही करणार नाही. इतकेच म्हणतो की, पुरात साह्यास येणारे जवान परप्रांतीचे असतात, त्यांच्या यंत्रनौकेवरील शब्द परक्या भाषेचे असतात, आणि चढणारी म्हातारी मात्र कृष्णाकाठची असते. 'मध्ये बसा', 'एका कुशीस जाऊ नका', 'दोर सोडा' हे तिला तिच्या शब्दांत व क्षणार्धात कळले पाहिजे.

पूल झाले, तशा नावा कमी झाल्या. नावांबरोबर त्यांचे शब्दही जातील. औदुंबर-भिलवडीच्या घाटावर दर्शनास जाल तेव्हा मुलांच्या हाती एक वही द्या आणि एखाद्या वृद्ध नावाड्यापाशी त्यांस घटकाभर बसवा. नावेच्या प्रत्येक भागास तो काय म्हणतो आणि त्याचे काम काय, हे त्यांनी लिहून घ्यावे. आमच्या पुतण्याने आपले वाक्य आता असे सुधारले आहे : 'नावाड्याने लोखंडी आकडा तळाशी सोडून नाव जागच्या जागी रोखली.' वाक्य लांबले खरे, पण आजींस कळले.