विश्लेषण : जुना गेम दुसऱ्या टीव्हीवर का अडतो?
राजुरा असो वा मुंबई, जुना टीव्ही ‘पाल’ पद्धतीचा : ६२५ रेषा, सेकंदाला ५० फेऱ्या. अमेरिकेतील ‘एनटीएससी’त ५२५ रेषा, ६० फेऱ्या. १९८२च्या कमोडोर ६४ संगणकात ठरावीक रेषा आखली जाताच प्रोसेसरला इशारा मिळे. हाच रास्टर इंटरप्ट. गेममधले रंग, संगीत त्यावरच चाले. मात्र हा संगणक एका फेरीत पालसाठी ३१२ रेषा आखतो, एनटीएससीसाठी २६३. त्यामुळे २८०व्या रेषेवर ठेवलेला इशारा अमेरिकी यंत्रात येतच नाही, गेम अडतो. इशारा आला, तरी संगीत सुमारे २० टक्के अधिक वेगाने पळते. एक उपाय : प्रोग्रॅमने सुरुवातीलाच रेषा मोजून पद्धत ओळखावी. आज इम्युलेटरवर खेळतानाही गेमची मूळ पद्धतच निवडावी.