लव्ह परेड : ठेका, गर्दी आणि बोगदा

ज्या संगीतात गायक सहसा नसतो आणि वादक जेमतेम दिसतो, त्यासाठी लाखो माणसे का जमतात? ‘टेक्नो’ हे यंत्रांवर रचलेले संगीत. मिनिटाला साधारण १२० ते १५० ठोके, तासन्‌तास. घरी एकट्याने ऐकले तर कंटाळा येतो. (निदान मला तरी आला!) पण ते मुळी घोळक्यात नाचण्यासाठी आहे. अजस्र ध्वनिक्षेपकांतून येणारा खर्जातला ठोका कानापेक्षा छातीला अधिक जाणवतो आणि शेजारचा अनोळखी माणूसही त्याच ठोक्यावर पाय उचलतो. लोक येतात ते या अनुभवासाठी.

बर्लिनमध्ये जुलै १९८९ मध्ये, भिंत पडण्याच्या चार महिने आधी, डॉक्टर मोट्टे या डिस्क जॉकीने सुमारे १५० जणांची नाचती मिरवणूक काढली. सरकारदरबारी तिची नोंद ‘राजकीय निदर्शने’ अशी होती! हीच लव्ह परेड. दहा वर्षांत ही गर्दी दहा लाखांच्या घरात गेली. पुढे ती रूर भागात भरू लागली.

२४ जुलै २०१० रोजी डुइसबुर्ग शहरात मैदानाकडे जाणारी मुख्य वाट बोगद्यातून व तेथून वर चढणाऱ्या उतारावरून होती. येणारे आणि परतणारे तेथेच समोरासमोर आले. २१ जण दगावले. चेंगराचेंगरी म्हटली की माणसे सैरावैरा पळाली असे आपण धरून चालतो. येथे पळायला जागाच नव्हती. छाती दाबली जाऊन उभ्या उभ्या श्वास कोंडला. मागच्यांना पुढचे काही कळत नव्हते, ते पुढेच सरकत होते.

त्या नावाचा मेळावा पुन्हा भरला नाही. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेला खटला मे २०२० मध्ये निकालाविनाच बंद झाला.