विश्वास असावा, दस्तही असावा

प्रपंच दोघांचा असतो. प्रपंचाखालची जमीन मात्र बहुधा एकाच्याच नावावर असते. कयाधूकाठचे नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. नामदेवांची पत्नी राजाई हिच्या नावावरील अभंगांत ओढगस्तीच्या संसाराची तक्रार ऐकू येते. भक्ताच्या घरीही भाकरीचा हिशेब कोणाला तरी ठेवावाच लागतो. याच नरसीत दोन मिळवत्या माणसांनी, मग ती विवाहित असोत वा विवाहाच्या उंबरठ्यावर, भागीत जागा घ्यावयाचे ठरविले, तर त्यांनी कोणता हिशेब मांडावा?

पहिला प्रश्न हिश्शाचा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ४५ वे कलम म्हणते की, दोघांनी आपापल्या पैशातून खरेदी केली असेल, तर हिस्सा रकमेच्या प्रमाणात. पुरावा नसेल, तर समसमान. नऊ लाखांच्या जागेत तिने सहा लाख घातले, तर दोनतृतीयांश जागा तिची. परंतु ते रोखीने दिले आणि खरेदीखतात हिश्शांचा उल्लेखच नसला, तर ती निम्म्यावर येऊ शकते. म्हणून पैसे बँकेतून द्यावेत आणि हिस्से खरेदीखतातच लिहावेत.

पैसे एकाचे व नाव दुसऱ्याचे, हा प्रकार अधिक घातक. १९८८ च्या बेनामी व्यवहारविरोधी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. ज्ञात उत्पन्नातून पतीने वा पत्नीने एकमेकांच्या नावे केलेली खरेदी त्यातून वगळली आहे. अविवाहित जोडीदारांना ती सवलत नाही. वारसाहक्काचेही तेच. मृत्युपत्र नसेल, तर अविवाहित जोडीदाराला हिंदू वारसा कायद्याने काहीच मिळत नाही. कर्जाची गोष्ट तर उलटी आहे. सहकर्जदार म्हणून सही करणारी व्यक्ती संपूर्ण कर्जाला बांधली जाते, मग खरेदीखतात तिचे नाव असो वा नसो.

शेतजमीन असल्यास आणखी एक अडसर आहे. मराठवाड्यात हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागू असल्याने दोघांपैकी एक शेतकरी नसेल, तर परवानगीची बाब आधी तपासली पाहिजे. जागा घेऊन विकण्याचा धंदाच करावयाचा असेल, तर ती केवळ सहमालकी राहत नाही. लेखी करार करून १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार भागीदारी संस्थेची नोंदणी करावी. नोंदणी नसलेल्या भागीदाराला कराराच्या हक्कासाठी दुसऱ्या भागीदारावर सहसा दावा लावता येत नाही.

वेगळे होण्याची वेळ आली, तर काय? जागा वाटता येण्याजोगी नसेल, तर १८९३ चा विभाजन कायदा ती विकून पैसे वाटण्याचा मार्ग दाखवितो. पण तो न्यायालयातून जातो. त्यापेक्षा मूल्य कोण ठरविणार, विकत घेण्याचा पहिला हक्क कोणाचा आणि पैसे किती मुदतीत द्यावयाचे, हे आरंभीच लिहिलेले बरे.

प्रेमात कागद कशाला, असे विचारले जाईल. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’ची हाक दिली, तेव्हा शेतकऱ्याने आपण होऊन पत्नीचे नाव जमिनीवर लावावे, हीच अपेक्षा होती. १९९२ साली शासनानेही त्या कल्पनेला मान्यता दिली. त्या सातबाऱ्यांवरील नोंदी अविश्वासापोटी झाल्या नव्हत्या. घामाचा वाटा कबूल करण्यासाठी झाल्या होत्या. आजच्या जोडप्यांच्या दस्तालाही तोच अर्थ आहे. जो वाटा मनाने मान्य आहे, तो कागदावर मान्य करण्यास संकोच वाटत असेल, तर त्या संकोचाचे कारण खरेदीपूर्वीच शोधावयास हवे.