सिडको
शहर व औद्योगिक विकास महामंडळ. मुंबईवरील लोकसंख्येचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे नगर वसविण्याचे कार्य महाराष्ट्र शासनाने १९७० मध्ये स्थापिलेल्या या संस्थेकडे सोपविले. नियोजनाचा अधिकार व जमिनीची मालकी एकाच हाती असणे, हे तिचे वैशिष्ट्य होय. शासनाने संपादिलेली भातशेती व मिठागरे विकसित करून भाडेपट्ट्याने द्यावयाची आणि त्या अधिमूल्यातून रस्ते, पाणीपुरवठा, इतकेच नव्हे तर रेल्वेचाही बराच खर्च भागवावयाचा, अशी ही पद्धती. जमिनीच्या वाढत्या किमतीत आगरी, कोळी इ. मूळ भूधारकांचा वाटा मात्र प्रारंभीच्या हिशेबात नव्हता. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण मृत्यू पावले. पुढे संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड त्यांना देण्याची योजना आली. १९९२ मध्ये नवी मुंबई महानगरपालिका स्थापन झाल्यावर तिच्या हद्दीतील नागरी सेवा क्रमाने तिच्याकडे गेल्या. शिल्लक जमीन सिडकोकडेच राहिली.