हरवळेच्या गुहेतला अंधार कागदावर

गोव्यात साखळीजवळच्या हरवळे गावात जांभ्यात कोरलेल्या गुहा आहेत. लोक त्यांना पांडवांच्या गुहा म्हणतात, तर अभ्यासक त्यांचा काळ सहावे-सातवे शतक असा धरतात. दुपारी आत उभे राहून बाहेर पाहिले की डोळ्यांना शिवलिंगही दिसते आणि दारातली उन्हातली हिरवळही. कॅमेऱ्याला हे एका फोटोत साधत नाही. उजळ भाग आणि काळोखा भाग यांच्या प्रकाशात हजारो पटींचा फरक असतो. म्हणून अनेक एक्सपोजर घेऊन ती जोडण्याची एचडीआर पद्धत इथे उपयोगी पडते. पण जोडलेला फोटो संगणकावर उघडणे आणि त्याची छापता येईल अशी फाईल करणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे जास्त अवघड आहे.

अडचण कागदाची आहे. चांगल्या चकचकीत फोटो कागदावरचा पांढरा रंग त्याच्या सर्वांत गडद काळ्यापेक्षा साधारण शंभर ते दोनशे पट उजळ असतो. छायाचित्रकाराच्या भाषेत हे सुमारे सात स्टॉप झाले, कारण प्रत्येक स्टॉपला प्रकाश दुप्पट होतो. मॅट कागदाची मजल याहून कमी आणि वर्तमानपत्राच्या कागदाची तर फारच कमी. गुहेतला सगळा प्रकाश एवढ्या जागेत बसवायचा, तर काय उजळ ठेवायचे आणि काय अंधारात जाऊ द्यायचे, हे आपल्यालाच ठरवावे लागते.

सुरुवात टिपण्यापासून करू. हे संरक्षित स्मारक असल्याने ट्रायपॉडची परवानगी आधीच विचारून घ्यावी. अॅपर्चर, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स एकच ठेवावे आणि फक्त शटरचा वेग बदलावा: १/५००, १/१२५, १/३०, १/८, १/२ आणि २ सेकंद. पहिल्या आणि शेवटच्या फोटोत दहा स्टॉपांचे अंतर पडते. फोटो रॉ स्वरूपात घ्यावेत.

ल्युमिनन्स एचडीआर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये किंवा फोटोशॉपमध्ये हे सगळे फोटो जुळवून एकत्र करता येतात. पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी १९९७ मध्ये वेगवेगळ्या एक्सपोजरमधून दृश्यातला प्रकाश मोजून काढण्याची रीत मांडली. आजची अनेक साधने त्याच विचारावर उभी आहेत. हाती येते ती ३२ बिटची फाईल, बहुधा ओपनईएक्सआर किंवा रेडियन्स स्वरूपात. तिच्यातले आकडे प्रकाशाच्या प्रमाणात वाढत जातात आणि त्यांतले कितीतरी कागदाच्या पांढऱ्यापलीकडचे असतात. प्रिंटरला ते कळत नाहीत. तरी ही फाईल जपून ठेवावी, कारण उद्या वेगळा कागद वापरायचा झाला तर पुन्हा इथूनच निघावे लागेल.

त्यानंतरची पायरी टोन मॅपिंगची, म्हणजे हा सगळा प्रकाश कागदाला झेपेल एवढ्या जागेत बसवण्याची, आणि खरे काम तिथेच आहे. काही पद्धती सगळ्या चित्राला एकच वक्र लावतात. त्या शांत आणि विश्वासू असतात, पण त्यांत बारकावे दबतात. काही पद्धती प्रत्येक भागाच्या आसपासचा प्रकाश पाहून ठरवतात. एरिक राइनहार्ड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये सुचवलेल्या रीतीत दोन्ही वाटा आहेत. तिची मूळ कल्पना छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स यांच्या झोन पद्धतीची, म्हणजे अंधाऱ्या खोलीत कागदावर प्रिंट काढणाऱ्या माणसाची. स्थानिक पद्धत जोरात लावली तर गुहेच्या दाराच्या कडेला धुरकट उजळ वलय उमटते, जांभ्याचा तांबूस रंग भडक नारिंगी होतो आणि खडक प्लास्टिकचा वाटू लागतो. म्हणून मी जोर नेहमी कमी ठेवतो आणि लिंगामागची भिंत काळोखी राहू देतो. गुहा गुहेसारखी दिसली पाहिजे.

छापायचेच असेल तर एक्सपोजर फ्यूजन अनेकदा पुरते. २००७ मध्ये मांडलेल्या या रीतीत ३२ बिटची फाईल मध्ये येतच नाही. प्रत्येक फोटोतले नीट उजळलेले, रेखीव आणि रंगीत भाग निवडून थेट एक चित्र होते.

हलत्या गोष्टींपुढे मात्र ही जुळवाजुळव फसते. पेडण्यात केरीच्या किनाऱ्यावरून तेरेखोलचा किल्ला टिपताना लाटा आणि माडांच्या झावळ्या दर फोटोत जागा बदलतात, आणि जोडलेल्या चित्रात त्यांची भुते उमटतात. तिथे एकच रॉ फोटो घेऊन सावल्या उचललेल्या बऱ्या. छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५० च्या दशकात समुद्र आणि आकाश यांच्या वेगवेगळ्या निगेटिव्ह एका प्रिंटमध्ये जोडल्या होत्या, पण त्यामागची अडचण हालचालीची नव्हे, तर उजळ आकाश आणि काळोखा समुद्र एका फोटोत न मावण्याची होती.

मोबाईलचा 'एचडीआर' वेगळा. अँड्रॉइड १४ पासून आलेल्या अल्ट्रा एचडीआर फोटोत साध्या चित्रासोबत उजळपणाचा नकाशा असतो, पण तो पडद्यासाठी. कागदावर साधे चित्रच उतरते.

आता फाईल. टोन मॅपिंगनंतर १६ बिटची टिफ फाईल ठेवावी, म्हणजे आकाशात पट्टे पडत नाहीत. १२ बाय १८ इंची प्रिंटला इंचाला ३०० ठिपक्यांच्या हिशेबाने ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. आकार ठरल्यावरच, सर्वांत शेवटी चित्र रेखीव करावे. फोटो लॅबमध्ये द्यायचे असेल तर बहुतेक ठिकाणी एसआरजीबी, ८ बिट जेपेग चालते. मासिकात छापायचे असेल तर छापखान्याकडून त्यांचे आयसीसी प्रोफाईल, म्हणजे त्यांच्या शाई-कागदाच्या रंगांचे वर्णन, मागून घ्यावे आणि त्यानेच चित्र सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंत बदलावे. चार शाईंची बेरीज आर्ट पेपरवर साधारण ३०० टक्के, तर वर्तमानपत्री कागदावर २४० च्या आसपास ठेवतात. गुहेची सावली नेमकी ही मर्यादा ओलांडते, मग शाई नीट वाळत नाही आणि काळ्यातले तपशील बुजतात.

पडद्यावर सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापल्यावर चित्र कसे दिसेल याचा अंदाज, पाहावा, पण निकाल त्यावर देऊ नये. लिंग, दार आणि सावलीतली भिंत असा चित्राचा एक पट्टा त्याच कागदावर आधी छापून घ्यावा आणि जिथे फोटो टांगायचा त्या भिंतीच्या उजेडात पाहावा. भिंत हवी त्याहून काळी आली, तर तेवढाच भाग किंचित उचलून दुसरा पट्टा काढावा.