नाव गावाचं, हक्कही गावाचा

भौगोलिक मानांकन: ज्या मालाचा गुण वा लौकिक मूळ प्रदेशाशी बांधलेला, त्याच्या नावाला कायद्याचं संरक्षण. भारतीय कायदा १९९९चा, अंमल १५ सप्टेंबर २००३पासून. नोंदणी १० वर्षांची, पुढे नूतनीकरण. ट्रेडमार्क एका कंपनीचा असू शकतो, मानांकन त्या प्रदेशातल्या उत्पादकांचं सामायिक.

उदाहरणार्थ कियांती क्लासिको: इटलीतल्या तोस्काना प्रांताची लाल वाइन. मूळ हद्द १७१६मध्ये तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने आखली. किमान ८० टक्के सांजोवेसे द्राक्षं. बाटलीवर काळा कोंबडा. तो नसेल, तर ती क्लासिको नव्हे.

आपल्याकडे मानांकन मिळालेली वाइन: 'नाशिक व्हॅली वाइन'.

धारचा लाल: द्राक्षांचा नाही, कापडावरचा. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातल्या बाग गावचा ठसेछपाईचा 'बाग प्रिंट' मानांकित आहे.
- कारागीर खत्री समाजाचे, मूळचे सिंधचे.
- लाल रंग तुरटी आणि अलिझरिन या रंगद्रव्याचा, काळा लोखंडाच्या गंजाचा. छापताना लाल दिसतच नाही. तो उमटतो भट्टीवर, अलिझरिन आणि धावड्याच्या फुलांसोबत कापड उकळल्यावर.
- धुलाई वाहत्या पाण्यात. साचलेल्या पाण्यात सुटा रंग कापडावर पुन्हा बसतो.
- ठसे लाकडी, हाताने कोरलेले. स्क्रीन प्रिंटिंग म्हणजे बाग प्रिंट नव्हे, नक्षी हुबेहूब असली तरी.